नहेम्याची यादी आणि मॉन्टगोमेरीची माणसे

शास्त्रपाठ : नहेम्या ३, मत्तय १:१-१६



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेत मोठ्याने वाचलेला आपण क्वचितच ऐकला असेल. बत्तीस वचने, आणि त्यांत बहुतेक सारी नावेच. अमक्याच्या मुलाने वेशीचे इतके काम केले. त्याच्याजवळ तमक्याच्या मुलाने तितके काम केले. वाचणाऱ्याची जीभ अडखळते, ऐकणाऱ्याचे लक्ष उडते आणि आपण सारे घाईने चौथ्या अध्यायाकडे वळतो. तेथे सनबल्लटाचा उपहास आहे, एका हाताने काम करून दुसऱ्या हातात शस्त्र धरणारे लोक आहेत. तेथे कथा आहे. भाषांतर करणाऱ्याला मात्र वचन गाळण्याची मुभा नसते. त्याला प्रत्येक नाव लिहावे लागते, आणि लिहिता लिहिता ही माणसे कोण होती हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो.

ती गवंडी नव्हती. मेंढेवेशीचे काम प्रमुख याजक एल्याशीब व त्याचे याजकबंधू यांनी केले. आठव्या वचनात एक सोनार आहे आणि त्याच्या शेजारी सुगंधी द्रव्ये करणारा एक कारागीर आहे. बाराव्या वचनात शल्लूम नावाचा, यरुशलेमेच्या अर्ध्या प्रांताचा अधिकारी आहे. त्याच्याबरोबर त्याच्या मुली काम करीत आहेत. चौदाव्या वचनात एका परगण्याचा अधिकारी उकिरडावेशीची दुरुस्ती करतो. ज्या वेशीतून शहराची घाण बाहेर जात असे ती वेस त्याच्या वाट्याला आली आणि त्याने ती बांधली, एवढेच शास्त्र सांगते. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा घेतला. मशुल्लामाने तर आपल्या खोलीसमोरचाच घेतला. आणखी एक गोष्ट पाहा. या संपूर्ण यादीत पुस्तकाचा नायक नहेम्या कोठेच नाही. सोळाव्या वचनात नहेम्या हे नाव येते, पण तो अजबूकाचा पुत्र, बेथ-सूराच्या अर्ध्या प्रांताचा अधिकारी, निराळाच मनुष्य आहे. नेत्याने स्वतःचे नाव वगळून ही यादी लिहिली.

आपण जेथे ‘त्याच्याजवळ’ किंवा ‘त्याच्या शेजारी’ असे वाचतो तेथे इब्री भाषेत ‘अल-यादो’ असे शब्द आहेत. ‘याद’ म्हणजे हात. ‘त्याच्या हाताशी’, असा त्याचा अक्षरशः अर्थ. एकाचा हात जेथे थांबतो तेथून दुसऱ्याचा हात काम उचलतो. ‘दुरुस्ती केली’ या अर्थी जे क्रियापद या अध्यायात पुन्हा पुन्हा येते त्याचा मूळ धातू बळकट असणे, घट्ट धरणे या अर्थाचा आहे. लोट सदोमातून निघण्यास विलंब लावीत असता त्या पुरुषांनी त्याचा हात धरला असे उत्पत्ती १९:१६ मध्ये आहे. तेथेही हेच क्रियापद आहे. भिंत दुरुस्त करणे आणि कोणाचा हात घट्ट धरणे, दोहोंना इब्री भाषेत एकच शब्द पुरतो. हे मराठीत आणता येत नाही, म्हणून येथे सांगितले.

यादीत एक काळा डागही आहे. पाचव्या वचनात तकोआ येथील लोकांनी काम केले, पण त्यांच्यातील थोरामोठ्यांनी आपली मान त्या सेवेला लावली नाही असे नमूद केले आहे. जू मानेवर घेण्यास नकार देणाऱ्या बैलाची ती प्रतिमा आहे. पुढे सत्ताविसाव्या वचनात तकोआच्या त्याच सामान्य लोकांनी आणखी एक तुकडा बांधला. थोरांनी टाकलेले जू त्यांनीच उचलले की काय, हे शास्त्र सांगत नाही. वाचकाने ते समजून घ्यावे.

आता अमेरिकेतील आलाबामा राज्याच्या राजधानीकडे, मॉन्टगोमेरी शहराकडे वळू. तेथील नागरी हक्कांच्या लढ्याचा इतिहासही आपण सहसा नहेम्याच्या पुस्तकासारखाच वाचतो, म्हणजे तिसरा अध्याय गाळून. एक थकलेली शिवणकाम करणारी स्त्री बसमध्ये उठली नाही. मग एका तरुण पाळकाने भाषण केले. मग कायदा बदलला. रविवारच्या शाळेत आणि प्रवचनांत ही कथा अशीच सांगितली जाते. ती खोटी नाही, पण तिच्यात यादी नाही.

मॉन्टगोमेरीच्या शहर बसमध्ये पुढची दहा आसने गोऱ्या प्रवाशांसाठी राखून ठेवलेली असत. ती रिकामी असली तरी कृष्णवर्णीय प्रवाशाने मागे उभेच राहायचे. पुढच्या दाराने चढून भाडे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचे. आणि पुष्कळदा माणूस मागच्या दारापाशी पोहोचण्याआधीच बस निघून जाई. बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. म्हणजे ज्यांच्या पैशावर बस चालत असे त्यांनाच बसमध्ये जागा नव्हती.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली, हे आपणांस ठाऊक आहे. त्या केवळ थकलेल्या होत्या असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. त्या वेळी त्या ४२ वर्षांच्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस म्हणून त्यांनी कित्येक वर्षे काम केले होते आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर या लोकशाळेत त्या प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यांच्या ‘नाही’ या एका शब्दामागे पुष्कळ वर्षांची मशागत होती.

त्या रात्री शहर झोपले असता आलाबामा स्टेट कॉलेजात एक दिवा जळत होता. तेथील इंग्रजीच्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन या महिला राजकीय परिषद नावाच्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. १९४९ च्या नाताळात, जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पुढे बसल्या म्हणून एक चालक त्यांच्या अंगावर धावून आला होता, आणि त्या रडत खाली उतरल्या होत्या. मे १९५४ मध्ये त्यांनी शहराच्या महापौरांना पत्र लिहून, वागणूक सुधारली नाही तर लोक बसवर बहिष्कार घालतील, असे बजावले होते. म्हणजे रोझा पार्क्स यांच्या अटकेपूर्वी दीड वर्ष! आता वेळ आली होती. एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी यांना बरोबर घेऊन त्यांनी स्टेन्सिल कापले आणि पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढली. एका कागदावर तीन पत्रके बसवायची आणि मग कागद कापायचा. सकाळी आठला त्यांचा वर्ग होता. तो त्यांनी घेतला आणि मग पत्रके वाटण्यास निघाल्या. शाळांतून, दुकानांतून, केशभूषेच्या दुकानांतून ती शहरभर गेली. सोमवारी बसमध्ये बसू नका, एवढेच आवाहन. खाली सही नव्हती. कॉलेज सरकारी पैशावर चालत होते, त्यामुळे नाव घालणे म्हणजे नोकरी घालवणे होते.

५ डिसेंबरला, सोमवारी, बस रिकाम्या धावल्या. त्याच दुपारी पाळक आणि पुढारी जमले तेव्हा काहींनी, आपली नावे बाहेर कळू नयेत अशा रीतीने हे काम चालवावे, अशी सूचना केली. ई. डी. निक्सन यांना हे सहन झाले नाही. ते रेल्वेच्या शयनयानात पोर्टर होते आणि त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. पण रोझा पार्क्स यांना जामिनावर सोडवून आणण्यास पुढे झाले होते तेच. इतकी वर्षे तुम्ही या धुणी धुणाऱ्या बायांच्या दानावर जगलात आणि त्यांच्यासाठी कधी काही केले नाही, अशा आशयाचे खडे बोल त्यांनी पाळकांना सुनावले. मी स्वतः पाळकांच्या सहवासात आयुष्य घालवले आहे. त्यामुळे हा प्रसंग वाचताना तकोआच्या थोरामोठ्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मात्र येथे माना वाकल्या. २६ वर्षांचे पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपण भित्रे नाही असे उत्तर दिले, आणि त्याच बैठकीत ते नव्या संघटनेचे अध्यक्ष निवडले गेले. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये हजारोंचा समुदाय लोटला. बहिष्कार चालू ठेवण्याचा ठराव तेथे झाला.

तो ३८१ दिवस चालला. या आकड्यावर थोडे थांबा. भिंत ५२ दिवसांत पुरी झाली होती (नहेम्या ६:१५). ३८१ दिवस म्हणजे एक पूर्ण वर्ष आणि वर आणखी पंधरवडा. त्यात थंडी आली, पाऊस आला, दक्षिणेचा कडक उन्हाळा आला. चालणाऱ्यांत मोठी संख्या होती ती स्वयंपाकिणींची, मोलकरणींची, मुले सांभाळणाऱ्या दायांची. सकाळी कामावर चालत जायचे, दिवसभर दुसऱ्याच्या घरात उभे राहून काम करायचे आणि संध्याकाळी पुन्हा चालत घरी यायचे. आरंभी टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, म्हणजे दहा सेंटांत, लोकांना नेले. तेव्हा किमान भाडे ४५ सेंट घेतलेच पाहिजे असा नियम अधिकाऱ्यांनी पुढे केला. मग सुमारे ३०० खाजगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली. चढण्या-उतरण्याची ठिकाणे ठरली, वेळापत्रके लागली. मंडळ्यांनी स्टेशन वॅगन विकत घेतल्या आणि त्यांच्या बाजूंवर आपापल्या चर्चचे नाव रंगवले. लोक त्यांना चाकांवरची मंडळी म्हणू लागले. विमा कंपन्यांनी या गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. पुष्कळ गोऱ्या गृहिणी स्वतःच्या मोटारीतून आपल्या मोलकरणीला आणू लागल्या. महापौरांनी असे करू नका म्हणून त्यांना विनवले, पण त्यांच्या घरची भांडी कोण घासणार याचे उत्तर महापौरांजवळ नव्हते!

मोटारींना पेट्रोल लागे आणि पेट्रोलला पैसा. येथे जॉर्जिया गिलमोर यांची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या स्वयंपाकीण होत्या. ऑक्टोबर १९५५ मध्ये एका चालकाने त्यांचे भाडे घेतले, मागच्या दाराने चढण्यास सांगितले आणि त्या खाली उतरताच बस हाकली. त्या दिवसापासून त्या बसमध्ये बसल्या नव्हत्या, म्हणजे सर्वांच्या आधी दोन महिने त्यांचा एकटीचा बहिष्कार चालू होता. मार्च १९५६ मध्ये डॉ. किंग यांच्यावरील खटल्यात त्यांनी हे सारे भर न्यायालयात सांगितले आणि त्यांची खानावळीतील नोकरी गेली. किंग यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी घरीच स्वयंपाक करून विकण्यास सुरुवात केली. त्याआधीपासूनच त्यांनी काही स्त्रियांना जमवून केक, पाय, तळलेल्या कोंबडीची सँडविचे करून विकण्याचा आणि नफा चळवळीला देण्याचा उपक्रम चालवला होता. या मंडळाचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे : ‘कोठलेच नाही असे मंडळ’. पैसे कोठून आले असे कोणी विचारले तर खरेच उत्तर देता यावे, ‘कोठूनही नाही’! कारण केक करणारी बाई ज्या घरात कामाला होती त्या घरच्या मालकाला कळले असते तर तिची भाकरी गेली असती. विकत घेणाऱ्यांत गोरेही होते, आणि त्यांनाही आपले नाव उघड होणे परवडणारे नव्हते. सभेत गिलमोरबाई उठून या आठवड्याची रक्कम जाहीर करीत, आणि सारी सभा उभी राहून टाळ्या वाजवी. शहराच्या दुसऱ्या भागात इनेझ रिक्स यांनी असेच दुसरे मंडळ काढले, आणि कोण जास्त रक्कम आणते याची दोन्ही मंडळांत गोड चुरस लागली. पीठ, लोणी आणि साखर यांतून पेट्रोल निघत होते.

नहेम्याने सर्वांची नावे लिहिली. या स्त्रियांनी आपली नावे लिहूच दिली नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच कामाच्या आहेत. देवाजवळ यादी आहेच, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण ते म्हणून आपण आपली यादी करण्याच्या कर्तव्यातून सुटत नाही.

गोऱ्यांपैकी मोजक्या लोकांनी या भिंतीला हात लावला. रॉबर्ट ग्रेट्झ हे कृष्णवर्णीय लूथरन मंडळीचे गोरे पाळक होते. ते स्वतःच्या मोटारीतून लोकांना कामावर पोहोचवीत. त्यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. ज्युलिएट मॉर्गन या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईंचे पत्र १२ डिसेंबर १९५५ रोजी ‘मॉन्टगोमेरी ॲडव्हर्टायझर’ या दैनिकात छापून आले. बहिष्कार सुरू होऊन तेव्हा एकच आठवडा झाला होता. त्या पत्रात त्यांनी चालणाऱ्या लोकांची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली. दांडीची वाट २५ वर्षांनंतर एका ग्रंथपाल बाईला आपल्या गावच्या रस्त्यावर दिसली! त्यानंतर त्यांचा छळ सुरू झाला. धमकीचे दूरध्वनी, टोमणे, बहिष्कृतपणा. जुलै १९५७ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्या शहरातील बहुतेक गोऱ्या मंडळ्या त्या काळात गप्प होत्या.

येथे कोणी विचारील, भिंतीच्या शास्त्रभागाचा भेद मिटवणाऱ्या चळवळीशी काय संबंध? ख्रिस्ताने तर मधली आडभिंत पाडली (इफिसकरांस पत्र २:१४). शंका योग्य आहे. आपण येथे भिंतीचा अभ्यास करीत नसून हातांचा करीत आहोत. शिवाय नहेम्याच्या पाचव्या अध्यायात, भिंत अर्धवट असतानाच, गरिबांचा आक्रोश उठतो, कारण त्यांचेच भाऊबंद त्यांची शेते व मुले गहाण ठेवून घेत होते; आणि नहेम्या सर्वांसमोर त्याचा निवाडा करतो. आत अन्याय ठेवून बाहेर भिंत बांधता येत नाही हे त्याला कळले होते.

मॉन्टगोमेरीच्या चळवळीलाही आत पाहण्याची गरज होती, आणि येथे मला आपले लक्ष एका मुलीकडे वेधायचे आहे. २ मार्च १९५५ रोजी, म्हणजे रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, क्लॉडेट कोल्व्हिन ही १५ वर्षांची शाळकरी मुलगी बसमधून उठली नाही. पोलिसांनी तिला ओढून खाली नेले. शाळेत नुकताच त्यांच्या लोकांचा इतिहास शिकवला गेला होता. गुलामगिरीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन आणि गुलामगिरीविरुद्ध गावोगाव बोलत हिंडणाऱ्या सोजर्नर ट्रुथ यांचे हात आपल्या खांद्यांवर आहेत आणि ते आपल्याला आसनावर दाबून धरीत आहेत, असे आपल्याला वाटले, असे तिने पुढे सांगितले. ‘अल-यादो’ हे शब्द तिला माहीत असण्याचे कारण नव्हते.

पुढाऱ्यांनी तिच्या खटल्याचा विचार केला आणि तो बाजूस ठेवला. वय लहान, घर गरीब वस्तीतले, बोलणे फटकळ. आणि पुढे ती अविवाहित असता गरोदर राहिली. चळवळीचा चेहरा म्हणून ती चालणार नाही, असे ठरले. त्यांचा हिशेब व्यवहारी होता, आणि कदाचित त्यामुळे चळवळ तरलीही. पण मत्तयाने प्रभू येशूची वंशावळी लिहिताना हा हिशेब केला नाही. तामार, राहाब, रूथ आणि जी उरीयाची पत्नी होती ती, या चार स्त्रियांची आठवण त्याने त्या यादीत घातली. सोवळ्या माणसाने चौघींनाही वगळले असते.

आणि झाले काय? चालणाऱ्यांनी बस कंपनीला जेरीस आणले, पण कायदा बदलला तो संघीय न्यायालयातील एका दाव्याने. १ फेब्रुवारी १९५६ रोजी तरुण वकील फ्रेड ग्रे यांनी तो दाखल केला, आणि शेवटपर्यंत त्याच्या वादी राहिल्या चार स्त्रिया : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्व्हिन. जी चेहरा म्हणून चालली नाही ती साक्षीदार म्हणून उभी राहिली, पहिल्या मुलाच्या जन्मानंतर काही आठवड्यांनीच. ५ जूनला निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने मोटारींच्या व्यवस्थेवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाचा लेखी हुकूम येण्यास पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे लोक पुन्हा चालले. २१ डिसेंबरला ते बसमध्ये चढले, पुढच्या दाराने.

वाचकहो, आपल्या देशातही काही मंडळ्यांत दलित ख्रिस्ती बांधवांसाठी बसण्याची जागा वेगळी राहिली आहे, काही गावांत दफनभूमीत आडभिंत आहे. त्याविषयी सभा होतात, ठराव होतात, आणि एखादा मोठा नेता येईल म्हणून आपण वाट पाहतो. नेता नको असे मी म्हणत नाही. नहेम्याशिवाय ती भिंत झाली नसती. पण मशुल्लामाने शहराच्या भिंतीची चिंता केली नाही, आपल्या खोलीसमोरचा तुकडा घेतला. पुढच्या अभ्यासवर्गात हा अध्याय एकही नाव न गाळता मोठ्याने वाचावा. मग कागद घेऊन आपल्या मंडळीची अशी यादी करावी. सतरंज्या घालणारे, आजाऱ्यांना डबे पोहोचवणारे, रेशनकार्डासाठी दुसऱ्याबरोबर कचेरीत दिवसभर उभे राहणारे, निरक्षर विधवेचा अर्ज लिहून देणारे, सारे तिच्यात यावेत. यादी पुरी झाली की ती पुन्हा वाचावी आणि शोभणार नाही म्हणून कोणाचे नाव राहिले आहे ते पाहावे. त्या नावावर वर्गात मोकळेपणाने बोलावे, मग वेळ कितीही लागो.

क्लॉडेट कोल्व्हिन यांच्यावर १९५५ मध्ये पोलिसांना मारहाण केल्याचा आरोप कायम ठेवून त्यांना परिवीक्षेवर सोडले होते. ती परिवीक्षा संपली, असे त्यांना कोणीही कधी कळवले नाही. २०२१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी मॉन्टगोमेरीच्या बालन्यायालयात अर्ज केला, आणि ६६ वर्षांनंतर न्यायाधीशांनी त्यांची नोंद नष्ट करण्याचा हुकूम दिला.